ओट्यावरचं राजकारण आणि भाईंचा गुडघा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी 62 वर्षांचा. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मूळ गाव अंबड तालुक्यात. संभाजीनगरला सिडकोत आमचं 16 फ्लॅटचं अपार्टमेंट आहे, तिथं 22 वर्षं राहतो. गेटजवळ, वॉचमनच्या खोलीला लागून एक ओटा आहे. संध्याकाळी आम्ही चौघं तिथं बसायचो. मी, वरच्या मजल्यावरचे भाई (उर्दू शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त), बीडकडचे आबा (वंजारी समाजाचे, पाटबंधारे खात्यात होते) आणि बाबासाहेबांनी काढलेल्या मिलिंद कॉलेजात शिकून पुढं प्राध्यापक झालेले सर. चहा, भाजलेल्या शेंगा, सोयाबीनचा भाव, कुणाच्या पोराचं लग्न, असं चालायचं.

गेल्या तीनेक वर्षांत बोलणं बिघडलं. आधी शहराच्या नावावरून झालं. मी संभाजीनगर म्हणतो, भाई अजून औरंगाबादच म्हणतात. मग आरक्षणावरून माझं आणि आबांचं वाजलं. एकदा खुलताबादच्या कबरीचा विषय निघाला तर आबा भाईंना म्हणाले, ‘तुमच्या औरंग्याचं बघा काय ते.’ भाई हसले. भाईंचंही एकदा चुकलं. ‘कोट्यातला डॉक्टर असला की भीती वाटते’ असं बोलून गेले आणि सर उठून घरी गेले. पण दुसऱ्या दिवशी सगळे परत ओट्यावर.

मग जूनमध्ये 304 चं प्रकरण झालं. मालक पुण्याला असतात. त्यांनी भाडेकरू ठरवले, मुस्लिम नवराबायको, ती दवाखान्यात नर्स, तो वाळूजला कंपनीत. सोसायटीची मीटिंग लागली. सेक्रेटरी म्हणाला, ‘आधीच एक आहेत, तेवढे पुरे.’ भाई तिथंच बसलेले. एकटे सर विरोधात बोलले. म्हणाले, ‘मी 1982 ला याच शहरात अकरा घरं बघितली होती, मला हे शिकवू नका.’ कुणी लक्ष दिलं नाही. हात वर करून ठराव झाला. मी हात वर केला नाही. पण बोललोही नाही.

त्या दिवसापासून भाई ओट्यावर येत नाहीत. विचारलं की म्हणतात, ‘घुटना दुखरा.’ पाण्याच्या दिवशी मोटर मात्र तेच लावतात. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, बहुतेक पहाटे तीनला. वरची टाकी भरायला पाऊण तास लागतो, तोवर ते खाली उभे असतात. (माझ्या नातवाच्या कुणबी नोंदीचा उर्दू कागदही 2023 च्या दिवाळीत त्यांनीच वाचून दिला होता.)

मी ओट्यावर पाटी लावली, ‘येथे राजकारणावर बोलू नये.’ आता कुणी काहीच बोलत नाही. आबा मोबाईल बघतात, सर येतात-जातात. माझं काय चुकलं? ओटा परत कसा भरेल?

— ओट्यावरचा एक

उत्तर

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात ते राजकारणाचं वाटलं. दुसऱ्यांदा कंसातल्या ओळीपाशी अडखळले. माणसं खरी गोष्ट कंसात नाहीतर ता.क. मध्ये टाकतात, हे सदर लिहिता लिहिता मला एवढं तरी कळलंय.

त्या ओळीपाशी जरा थांबते. निजामाच्या वेळचे कागद मी पाहिलेत, माहेरच्या वाटणीच्या वेळी काढावे लागले होते. पिवळे, घडीवर फाटलेले, आणि वर पळत्या हाताची उर्दू. ‘कुनबी’ हा शब्द त्या लिपीत लिहिला की ‘न’चं टिंब वर येतं आणि ‘ब’चं खाली. कारकून घाईत असला की टिंबं गाळतो. मग नुसती दातेरी रेघ उरते, आणि ती कशीही वाचता येते. वाचणाऱ्याला ते वळण ओळखता यावं लागतं, वरखालच्या नोंदी ताडून बघाव्या लागतात. 2023 मध्ये सरकारनं कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तहसिलींतली जुनी दप्तरं उघडली, तेव्हा मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम किंमत आली. एरवी ज्यांच्या भाषेला कुणी विचारत नव्हतं त्यांच्या दारात लोक झेरॉक्स घेऊन उभे. तुम्हाला तर दार शोधायलाही जावं लागलं नाही, जिना चढलात की झालं. भाईंनी किती पैसे घेतले ते तुम्ही लिहिलं नाहीत. चहा घेतला असेल.

तर नातवासाठी ते टिंब शोधून देणारा माणूस मीटिंगमध्ये खुर्चीवर बसला होता आणि सेक्रेटरी म्हणाला, ‘आधीच एक आहेत.’ बावीस वर्षांचा शेजारी, पाण्याची मोटर लावणारा, तुमच्या मुलाच्या लग्नात पंगतीत बसला असेल तो, एका वाक्यात ‘एक’ झाला. पोती मोजावीत तसा. तुम्ही हात वर केला नाहीत, ठीक. पण त्या क्षणी भाई तुमच्या हाताकडं कशाला बघतील? ते तुमच्या तोंडाकडं बघत असणार.

माझं काय चुकलं, असं विचारलंत म्हणून सांगते. ओट्यावर तीन वर्षं वाद झाले तरी भाई रोज खाली येत होते. औरंग्याचा टोमणा ऐकून आले. सर उठून गेले तरी दुसऱ्या दिवशी आले. येणं थांबलं ते 304 च्या मीटिंगनंतर. हा क्रम तुमच्याच पत्रात आहे, मी फक्त ओळीनं लावला. आणि तुम्ही बंदी कशावर घातलीत? बोलण्यावर. आमच्याकडं म्हणतात, आजार हल्याला आणि डाग पखालीला.

पाटी आजच काढा. मराठवाड्यात राजकारण वगळून दोन म्हातारी माणसं ओट्यावर बसणार कशी? पाऊस म्हटलं की पीकविमा येतो, पीकविमा म्हटलं की आमदार येतो. मुक्यानं बसायचं तर घरी टीव्ही आहेच.

‘यावर बोलू नये’ या पाटीशी माझी जुनी ओळख आहे. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. मी तेव्हा तेरा वर्षांची, आठवीत. ऑगस्टमध्ये माझ्या बाकावरची मुलगी शाळेत यायची थांबली. बाई हजेरी घेताना महिनाभर तिचं नाव पुकारत राहिल्या, मग एक दिवस त्यावर लाल शाईची रेघ मारली. मला बाकाच्या कडेवरून दिसत होतं सगळं, रेघ जराशी वाकडी गेली होती. तिचं घर जळालं की ते लोक गाव सोडून गेले, हे मला कुणी सांगितलं नाही. घरी विचारलं तर वडील म्हणाले, ‘जेव गुमान.’ वडील वाईट माणूस नव्हते. त्यांनी कुणाच्या घराला काडी लावली नाही. तुमच्यासारखेच, हात वर न करणारे. त्या मुलीचं पुढं काय झालं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

सोळा वर्षांनी, 14 जानेवारी 1994 ला, त्या वादावर तोडगा निघाला. नामांतराऐवजी नामविस्तार झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. दोन्ही नावं राहिली. आज पोरं ‘बामू’ म्हणून मोकळी होतात, आणि ‘आ’ कुठला नि ‘म’ कुठला यावरून कुणी कुणाचं घर जाळत नाही. तुमचे सर त्या काळातून गेलेत. ओट्यावर त्यांना कधी विचारलंत का, 78 मध्ये कुठं होता म्हणून? बावीस वर्षांत एकदा तरी?

शहराच्या नावाचं म्हणाल तर, तुमचा राग मला परका नाही. ज्या राजाला औरंगजेबानं हालहाल करून मारलं, त्याचं नाव औरंगजेबाच्या शहराला मिळालं, यात कुणाला समाधान वाटलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. 2023 मध्ये ते सरकारदरबारी झालं, संपलं. पण हे गाव मुळात खडकी. मलिक अंबरनं 1610 मध्ये इथं राजधानी वसवली, त्याच्या मुलानं फत्तेनगर म्हटलं, 1653 मध्ये औरंगाबाद झालं. प्रत्येक वेळी गावातल्या म्हाताऱ्यांनी जुनंच नाव चालवलं असेल, म्हातारी माणसं तशीच असतात. माझी आई जाईपर्यंत अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणायची. निजामाच्या राज्यात तेच नाव होतं, तिच्या तोंडात तेच बसलेलं. आणि हीच बाई दर नवरात्रात ‘मोमिनाबादला जाऊन योगेश्वरीची ओटी भरून येते’ म्हणून निघायची. देवीनं कधी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

भाईंच्या शाळेच्या दाखल्यावर औरंगाबाद आहे, लग्नपत्रिकेवर आहे, पेन्शनच्या कागदावर आहे. ते बादशहाची आरती करतायत असं समजू नका. तुम्ही स्वतः नोकरीभर फलाटावर माईकवरून कुठलं नाव पुकारलंत, आठवून बघा. तुम्ही संभाजीनगर म्हणा, ते औरंगाबाद म्हणतील. रिक्षावाल्याला दोन्ही कळतं.

आबांशी तुमचं जे भांडण आहे ते मात्र वेगळं, आणि ते खरं आहे. त्यात पोट आहे. अंतरवाली सराटी तुमच्याच तालुक्यातलं. 1 सप्टेंबर 2023 ला तिथं लाठ्या चालल्या, तेव्हा तुमच्या गावातल्या कुणाच्या तरी पाठीवर वळ उठले असतील. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला, तुम्हाला वाटलं आपलं काही तरी पदरात पडलं, त्याच संध्याकाळी आबांना वाटलं आपलं गेलं. जागा तेवढ्याच, ताटं वाढली. दोघांचीही बाजू ऐकली तर दोन्हीकडं तीच गोष्ट निघते. जमीन वाटण्या होऊन एक-दोन एकरावर आली, ती कोरडवाहू, पोरगं शिकलं पण नोकरी नाही, मुलगी द्यायला कुणी तयार नाही. हा वाद ओट्यावर मिटायचा नाही. मिटवायला जाऊही नका, तुमच्याच्यानं व्हायचं नाही ते. भांडा. पण 2024 च्या निवडणुकीनंतर आबांच्या बीड जिल्ह्यात काही गावांतल्या लोकांनी एकमेकांच्या दुकानातून सामान घेणं सोडल्याच्या बातम्या आपण वाचल्या ना, ती पायरी येऊ देऊ नका. आबांच्या घरच्या साखरपुड्याला जा, जेवा, आणि घरी येताना जिन्यात पुन्हा भांडा.

भांडताना एका शब्दाला जपा. ‘तुमचा’. तुमचा औरंग्या, तुमचे नेते, तुमचे लोक. औरंगजेब 1707 मध्ये मेला. भाईंनी त्याची कुठली बाकी द्यायची राहिलीय? उद्या अंबड तालुक्यात कुणी मराठ्यानं काही गुन्हा केला आणि आबांनी तुम्हाला ‘तुमच्याचं बघा’ म्हटलं तर कसं लागेल? लागेलच. आणखी एक बारकी गोष्ट. मोबाईलवर आलेलं काही वाचून दाखवायचं असेल तर आधी कुणी पाठवलं त्याचं नाव सांगायचं, असा नियम करा. निम्मे विषय तिथंच गळतील, कारण ते मेव्हण्यानं पाठवलेले असतात, आणि मेव्हणा काय लायकीचा आहे ते सगळ्या ओट्याला ठाऊक असतं.

इतपत ओट्याचं. आता 304.

त्या मीटिंगमध्ये झालं ते राजकारण नव्हतं, वादही नव्हता. वादात समोरचा माणूस लागतो, तो बोलतो, तुम्ही बोलता. ती नर्स तिथं नव्हती. तिनं कुठल्या पक्षाला मत दिलं, कबरीबद्दल तिला काय वाटतं, कुणी विचारलंही नाही. नाव बघून दार लावलं. सरांना अकरा घरं फिरवली होती तीही अशीच. आपल्याकडं जात तोंडावर विचारत नाहीत, ‘पाहुणे कुठले?’ विचारतात, मग आडनाव, मग गाव, मग ‘गावात घर कुठल्या बाजूला?’ आणि तेवढ्यात खोली भरून गेलेली असते. 1982 मध्ये सरांनी अकरा दारांत ते ऐकलं असेल. सर ज्या माणसाच्या बाजूनं मीटिंगमध्ये बोलले, त्याच भाईंनी त्यांना कोट्यातल्या डॉक्टरवरून दुखावलं होतं, हे विसरू नका. भाई काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. पण सरांनी हिशेब मांडला नाही, घर म्हणजे काय ते त्यांना माहीत आहे. दादा, सगळ्या पत्रात मला कुणाचा हेवा वाटला असेल तर सरांचा.

कायद्याचं थोडक्यात. तुमची नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था असेल तर कपाटातून उपविधी काढून वाचा. राज्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट भाड्यानं द्यायला संस्थेची परवानगी लागत नाही, आगाऊ कळवावं लागतं. भाडेकराराची प्रत द्यायची, भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची, आणि संस्थेनं मालकाकडून बिनभोगवटा शुल्क (तो स्वतः राहत नाही म्हणून) घ्यायचं, तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच. उद्या कुणी तो फ्लॅट विकत घेतला तर सहकार कायदा म्हणतो की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर तो निबंधकाकडं अपील करू शकतो. धर्म हे पुरेसं कारण आहे असं सेक्रेटरीनं उपनिबंधकांसमोर उभं राहून सांगून बघावं. तरी माझं ऐकाल तर कायद्याचा कागद फडकवत सुरुवात करू नका. सेक्रेटरी तरुण आहे, ताठ होईल. आधी त्याला घरी बोलवा, चहा पाजा आणि सांगा की पुढच्या सभेत तो ठराव मागं घ्यायचा विषय मी माझ्या नावानं देतोय. लेखी द्या. सूचक म्हणून तुमचं नाव, अनुमोदक म्हणून सर. आणि आबांना अनुमोदन द्यायला सांगून बघा. मला का कोण जाणे, वाटतं की ते देतील. टोमणा मारणारा माणूस पुष्कळदा दार लावणारा नसतो.

इतिवृत्तात नोंद होऊ द्या. आता 304 मध्ये दुसरं कुणी राहायला आलं असेल, ती नवराबायको केव्हाच दुसरीकडं गेली असतील, रात्रपाळी करून येणारी बाई तुमच्या ठरावासाठी किती दिवस थांबणार. तरीही ठराव मागं घ्या. तो ठराव त्या दोघांवर झाला तसा भाईंवरही झाला आहे, आणि भाई अजून तिथंच राहतात. रोज जिना उतरताना सूचनाफलकाशेजारून जातात.

सभेत तुम्ही पडाल, हे गृहीत धरा. सोळा फ्लॅट आहेत, सोळा तोंडं. कुणी म्हणेल फ्लॅटचे भाव उतरतील, कुणी म्हणेल मटणाचा वास, कुणी म्हणेल तुम्हीच ठेवून घ्या मग. वासावर तर मी हसले. सिडकोत रविवारी दुपारी कुठल्या धर्माच्या खिडकीतून मटणाचा वास येत नाही, सांगा? घरी नान खलिया आणून खाणारे ठराव करायला पुढं होते की मागं, तेवढं बघून ठेवा.

आता भाई.

सभेच्या आधी त्यांच्याशी बोला, नंतर नाही. ठराव जिंकून, हातात पेढे घेऊन जाऊ नका, त्यात तुमचाच सत्कार होतो. ‘राजकारण बंद केलंय, आता या ओट्यावर’ असंही म्हणू नका. घरी जाण्यात एक अडचण आहे. वहिनी पाणी आणतील, सून चहा ठेवेल, भाई जुन्या वळणाचे गृहस्थ, दारात आलेल्याला ते अवघडू देणार नाहीत. ‘अरे छोडो, क्या बात करते’ म्हणून विषय झाकतील आणि तुम्ही सुटल्यासारखे खाली याल. सुटायचं नाहीये तुम्हाला.

तुमच्या पत्रात यापेक्षा चांगली जागा आहे. पाणी येतं त्या पहाटे.

तुमचं पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं. ज्या एकनाथांच्या नावाचा तो सागर, त्यांचं एक भारूड आहे, हिंदू आणि तुर्क यांच्या संवादाचं. चारशेहून जास्त वर्षांपूर्वीचं. त्यात दोघं एकमेकांना काही बाकी ठेवत नाहीत. देव, मूर्ती, नमाज, सोवळं, सगळं काढतात, अगदी हमरीतुमरीवर येतात, आणि मग शेवटी एकमेकांना भेटतात. आपल्याकडं भाषणांत त्यातली शेवटची भेट तेवढी सांगतात. मला आधीचं भांडण जास्त आवडतं. नाथांनी ते गाळलं नाही.

तर पुढच्या पाण्याच्या दिवशी गजर लावून पावणेतीनला खाली उतरा. स्वेटर घाला, पहाटे गार असतं. नेहमीप्रमाणे भाई टॉर्च घेऊन येतील, व्हॉल्व्ह फिरवतील, मोटरचं बटण दाबतील. तिथं चहा आणायला कुणी नसतं, ऐकायला कुणी नसतं, आणि मोटर सोडून त्यांना जाताही येत नाही. इकडचं तिकडचं बोलू नका. ‘भाई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, बोललो नाही,’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. कारणं देऊ नका, सेक्रेटरीला शिव्या घालू नका, नातवाच्या कागदाचे उपकार काढू नका. ते चिडले तर चिडू द्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा चिडतील कदाचित. ते काहीच बोलले नाहीत तरी उभे राहा. मग सांगा की पुढच्या सभेत ठराव मागं घ्यायचा विषय देतोय, आणि तुम्ही तिथं असावं ही माझी विनंती आहे, नसलात तरी विषय मी मांडणार आहे.

गुडघ्याची चौकशी करू नका. जो गुडघा पहाटे तीनला अंधारात जिने उतरतो त्याला काही झालेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्हाला ठाऊक आहे हे भाईंनाही.

टाकी भरायला पाऊण तास लागतो असं तुम्हीच लिहिलंय.